महेश्वरला दिग्दर्शक दिसले, म्हणजे सिनेमा अहिल्याबाईंचाच का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक नावाजलेले दिग्दर्शक महेश्वरला दोन दिवस राहून गेले. सोबत तिघंच होते. त्यातल्या एकाच्या गळ्यात हेडफोन आणि हातात केसाळ टोपडं घातलेला माइक. सकाळी सातला आणि पुन्हा दुपारी चारला ही मंडळी नावेतून नदीत गेली आणि किल्ल्याकडे बघत बसली. काठावर आल्यावर त्यांनी केवटांना विचारलं, वीस नावा एकदम मिळतील का? महिन्याभरानं तुमच्या नाटकाच्या कंपूतल्या एका मुलीला इंदुरातच ऑडिशनला बोलावलं आणि बनारसकडची हिंदी बोलून दाखवायला सांगितली. एवढ्या भांडवलावर रामबागेत तुमचे दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते हा अहिल्याबाईंवरचा भव्य चित्रपट, तोही दोन भागांत. दुसरा तट म्हणतो, ज्या माणसानं आजवर दोन खोल्यांच्या घराबाहेर कॅमेरा काढला नाही तो तलवारी कशाला दाखवेल! आणि तू मला विचारतोस, ‘काका, तुम्ही बावीस वर्षं लोकेशनचंच काम करता, खरं काय?’

खरं काय ते मला माहीत नाही. माहीत असतं तर हे लिहिताच आलं नसतं, कारण काम हातात घेतानाच गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागते. या चित्रपटाशी माझा काही संबंध नाही, म्हणून मोकळेपणानं अंदाज बांधतो. तू लिहिलेलं दिग्दर्शकांचं नाव मात्र गाळतो. रेकीची, म्हणजे शूटिंगआधीच्या जागापाहणीची, बातमी फुटली की पहिली गदा येते ती गावातल्या ज्या पोरानं त्यांना घाट दाखवला त्याच्यावर.

तुमचा पहिला पुरावा म्हणजे ‘महेश्वर’. तो सगळ्यात कच्चा आहे. आपल्याला महेश्वर म्हटलं की अहिल्याबाईच आठवणार, आपण इंदूरचे लोक. बाहेरून येणाऱ्या दिग्दर्शकाला तिथे दिसतो तो नदीवरचा एक सलग दगडी घाट, मागे किल्ला, मध्ये विजेची तार नाही की उड्डाणपूल नाही, आणि इंदूरच्या विमानतळापासून गाडीनं अडीच तासांच्या आत. मणिरत्नम यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’चं काही चित्रीकरण २०२१ मध्ये इथे केलं, ती गोष्ट दहाव्या शतकातल्या तमिळ चोळ राजांची. ‘दबंग ३’चं शूटिंग २०१९ मध्ये इथे झालं आणि त्यातला पोलीस उत्तर प्रदेशचा. ‘पॅडमॅन’ची गंमत तर उलटीच. ज्या माणसाच्या आयुष्यावर ती गोष्ट बेतली ते अरुणाचलम मुरुगनंतम कोइम्बतूरचे. पडद्यावर कथाच उचलून महेश्वरला आणली. सीहोर जिल्ह्यात तर हा खेळ रोजचाच आहे. ‘पंचायत’ या वेबमालिकेतलं फुलेरा म्हणायला बलियातलं, प्रत्यक्षात सीहोरजवळचं महोडिया. ‘लापता लेडीज’चं निर्मल प्रदेश हे राज्य नकाशावर नाहीच, त्यातली गावं मात्र सीहोरकडची. याच्या मागे सौंदर्यदृष्टी थोडी आणि हिशेब जास्त असतो. मध्य प्रदेशात २०२० पासून चित्रपट पर्यटनाचं धोरण आहे, आणि एकूण चित्रीकरणाचे किती दिवस राज्यात घालवले त्यावर अनुदान ठरतं. निर्मात्याच्या एक्सेल शीटमध्ये हा रकाना असतो. तेव्हा लोकेशनवरून गोष्ट ओळखायला जाऊ नकोस.

लोकेशनकडे दिग्दर्शक कुठून आणि किती वाजता बघत होता, हे मात्र फार बोलतं. तू सांगितलेली सात आणि चारची वेळ मला सगळ्यात मोलाची वाटली. नर्मदा महेश्वरला पश्चिमेकडे वाहते आणि गाव उत्तर तीरावर आहे. म्हणजे घाटाचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत नदीतून किल्ल्याकडे बघितलं तर दिवसभर उजेड समोरून नाहीतर तिरका पडतो. दगडी जाळ्या, कमानी, पायऱ्यांच्या कडा सगळं उठून दिसतं. मे महिन्यात ऊन डोक्यावर येतं, भिंती सपाट दिसतात आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. दोन्ही टोकांच्या वेळांना, ते पण नावेतून, किल्ला बघणारा माणूस हिवाळ्याचं शेड्यूल डोक्यात ठेवून आला होता. मुरलेले कॅमेरामन आधीच्या वर्षी त्याच महिन्यात येऊन उजेड बघून जातात. म्हणून माझा पहिला अंदाज असा की शूटिंग झालंच तर पुढच्या थंडीत. या उन्हाळ्यात घाटावर कलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅन शोधत फिरू नका.

आता बनारस. महेश्वरला काशी करणं सोपं वाटतं, तसं ते नाही. काशीला गंगा उत्तरवाहिनी होते आणि घाट पूर्वेकडे बघतात. उगवता सूर्य थेट पायऱ्यांवर येतो. महेश्वरला तोच सूर्य घाटाच्या एका टोकाकडून आडवा येतो. शिवाय काशीच्या पैलतीरावर वाळूचा मोकळा पट्टा, तर आपल्याकडे समोर नावडातोडीची शेतं आणि झाडी. (नावडातोडी म्हणजे तेच, जिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं आणि हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष काढले. महेश्वरला शंभर वेळा गेलेले इंदूरकर समोरच्या काठावर एकदाही जात नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.) त्यामुळे काशीच हवी असेल तर दिग्दर्शक घाटावर उभा राहून कोपरे बघेल, नावेतून आख्खा किल्ला बघणार नाही. आख्खा किल्ला दाखवला की ते बनारस राहत नाही. म्हणजे त्यांना नदीकाठचं एखादं गाव हवं आहे, पण ती काशी नसावी. इथवर मी बऱ्यापैकी ठाम आहे.

वीस नावांकडे येऊ. ‘वीस’ आकड्यावर तुम्ही सगळे अडलात, युद्धाचा प्रसंग, सैन्य नदी उतरतंय वगैरे. मी केवटांना वेगळाच प्रश्न विचारला असता: नावा आहेत तशाच हव्यात का? महेश्वरच्या नावा बघ. भडक निळा-पिवळा रंग, बाजूला देवाचं आणि मालकाचं नाव, खाली मोबाइल नंबर, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे डिझेलचं इंजिन. अठराव्या शतकातली गोष्ट असेल तर यातली एकही गोष्ट चालत नाही. कला विभागाचा माणूस पहिल्याच भेटीत रंग खरवडता येईल का, वर मातकट लेप दिला तर तो पाण्यात टिकेल का, हे विचारतो, आणि केवट तत्काळ दुप्पट पैसे सांगतात. तशी काही कुरबूर तुझ्या कानावर आली असती. आली नाही, यावरून माझा कल आजच्या काळातल्या गोष्टीकडे झुकतो.

नावांचा एक धडा मला स्वतःला मिळालाय, तो सांगतो, कारण त्याशिवाय वीस नावांचं गणित कळणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका चित्रपटासाठी घाटाखालच्या पायऱ्यांवर एक लांब प्रसंग लावला होता. दिवे वाहणाऱ्या बायका, मागे नावांची रांग. सकाळी पाण्याच्या वर सात पायऱ्या मोजल्या होत्या. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, बघणाऱ्या मुलीनं फोटोही काढून ठेवला. जेवून आलो तर चारच पायऱ्या उरल्या होत्या. वर ओंकारेश्वरला धरण आहे, त्याच्याही वर इंदिरा सागर. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की आपल्या घाटावर ते हळूहळू चढतं. बांधलेल्या नावा दोर ताणून तिरक्या झाल्या, कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ पाण्यात, आणि ‘सकाळचा’ अर्धा प्रसंग आता तीन पायऱ्यांनी बुटका. त्या दिवशी आम्ही उरलेला भाग नावांच्या आडून घेतला. पाणी दिसूच नये म्हणून पुढे नावांची भिंत उभी केली, आणि त्यासाठी आणखी नावा मागवाव्या लागल्या. आठच्या जागी सतरा. तेव्हापासून कुणी महेश्वरला भरपूर नावा मागितल्या की मला सैन्य आठवत नाही, पाण्याची पातळी लपवायची सोय आठवते. तुमचे दिग्दर्शक किंवा त्यांचा कॅमेरामन इथे आधी काम करून गेलेला असेल, तर वीस हा आकडा साध्या सावधगिरीचाही असू शकतो.

केसाळ माइकवाल्या माणसाबद्दल तुम्ही दोन्ही तटांनी एक अक्षर काढलेलं नाही. माझ्या दृष्टीनं त्या चौघांत तोच महत्त्वाचा. पहिल्या रेकीला सहसा दिग्दर्शक, लेखक आणि कॅमेरामन येतात. कला, प्रकाश, प्रॉडक्शन असे सगळे विभाग नंतरच्या टेक्निकल रेकीला. साउंडचा माणूस पहिल्याच फेरीत आणला, याचा अर्थ संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे ठरलेत, स्टुडिओत डबिंग नाही. २००१ मध्ये ‘लगान’नं सिंक साउंडची, म्हणजे अशा जागेवरच्या आवाजाची, हिंमत केली तेव्हा त्याचं अप्रूप होतं, आज ते रुळलंय, पण घाटावर अजूनही अवघड. डिझेल इंजिनांची फटफट, देवळांच्या घंटा, परिक्रमावासींच्या मागे लागलेला भोंगा, आणि वर किल्ल्याच्या आवारात हातमागांची खटखट. एवढ्या गोंगाटात जागेवरचाच आवाज हवा म्हणणारा दिग्दर्शक माणसांचं बोलणं, खोकला, पायरीवर ठेवलेल्या बादलीचा आवाज यांना किंमत देणारा असतो. त्याला हजार माणसांची लढाई जमणार नाही असं नाही, पण तशा लढाईच्या पहिल्या रेकीला तो हेडफोनवाला घेऊन फिरणार नाही.

भव्य ऐतिहासिक चित्रपटाची खरी चाहूल घोड्यांवरून लागते, घाटावरून नाही. चित्रपटात प्राणी वापरायचे तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते, आणि शिकवलेले घोडे कुठल्याही गावात उभे नसतात. पुरवठादाराशी महिनोन् महिने आधी बोलणी चालतात. तेव्हा तबेल्याची जागा, चारा, डॉक्टर यांची चौकशी सुरू होते, आणि ती धामणोद-मंडलेश्वर पट्ट्यात चोवीस तासांत सगळ्यांना कळते. माझ्यापर्यंत असं काही आलेलं नाही.

ऑडिशनचं सांगताना जपून. त्या मुलीला दिलेला उतारा मूळ पटकथेतला असेल असं धरू नका. कास्टिंगवाले मुद्दाम भलताच प्रसंग देतात, पात्रांची नावं बदलतात. जागतिक पातळीवर तर आख्ख्या चित्रपटाचं नावच खोटं ठेवायची रीत आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ अमेरिकेत ‘ब्लू हार्वेस्ट’ नावाखाली शूट झाला होता. पण प्रसंग खोटा असला तरी बोली सहसा खोटी नसते. अभिनेत्रीच्या जिभेवर ती बसते का, हेच तर बघायचं असतं. बनारसकडची हिंदी मागितली, म्हणजे इथली निमाडी बोली नको, आणि मराठी तर अजिबात नको. अहिल्याबाईंच्या दरबारातल्या बाईला पूरबी हेल कशाला लागेल? तुमच्या पहिल्या तटाची बाजू इथे सगळ्यात लंगडी पडते. ती मुलगी दासी किंवा यात्रेकरू असू शकते, हा तुझा बचाव मी वाचला. शक्य आहे, पण ओढूनताणून.

आता दुसऱ्या तटाचा समाचार घेतो, नाहीतर ते उगाच हुरळतील. ‘यांनी आजवर असं केलं नाही, म्हणून करणार नाहीत’ हा तर्क तर लोकेशनपेक्षाही वाईट. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गाजला. त्यानंतर ते शास्त्रीय गायकाची गोष्ट करतील असं कोण म्हणालं असतं? २०२० मध्ये ‘द डिसायपल’ आला, मुख्य भूमिकेत आदित्य मोडक, जो स्वतः गाणारा. विषय पूर्ण बदलला, कॅमेरामनही बदलला. बदलली नाही ती काम करण्याची पद्धत. लांबून शांतपणे बघणारी फ्रेम, त्या त्या जगातलीच माणसं, आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास. नागराज मंजुळे यांचंच बघ. ‘फँड्री’नंतर ‘सैराट’ची गाणी आली तेव्हा आपल्या इथेही लोक म्हणाले, चला, हेही गाण्याबजावण्यात रमले. ती गाणी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाली होती, सगळ्यांचं लक्ष तिकडे. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट लागला आणि शेवटच्या काही मिनिटांत थिएटर गप्प. सगळे प्रोमो बघूनही तो शेवट कुणाच्या अंदाजात नव्हता. आणि ‘फँड्री’चा शेवट नीट आठवला असता तर तो अगदीच अनपेक्षितही नव्हता. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दिग्दर्शकाच्या जुन्या कामातून विषय शोधू नका, त्याची खोड शोधा. तुमच्या या दिग्दर्शकांची खोड काय? बंद जागेत माणसं कोंडायची आणि त्यांना बोलू द्यायचं. नदीतली नाव ही सुद्धा बंद जागाच आहे की!

बाकीच्या वावड्या भराभर उरकतो. शीर्षक नोंदवलं गेलंय असं कुणी म्हणालं तर विशेष मनावर घेऊ नका. निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षकं नोंदवून अडवून ठेवणं हा जुना उद्योग आहे, त्यातली कित्येक पडद्यावर येत नाहीत. दोन भाग की एक, हे रेकीवरून कळणं अशक्य. ते कलाकारांच्या तारखांवरून कळतं, आणि तारखा आपल्याला कुणी दाखवत नाही. तीन तासांचा असेल म्हणे! अरे, लांबी संकलनाच्या टेबलावर ठरते आणि पक्की कळते ती सेन्सॉरचं प्रमाणपत्र आल्यावर.

तू शेवटी विचारलंयस की असं आधीच हुडकून काढलं तर बघण्याची मजा जाते का. माझी तरी नाही जात. राजामौलींनी ‘ईगा’ची मूळ कल्पना सुरुवातीलाच पत्रकारांना सांगून टाकली होती: मारला गेलेला प्रियकर माशी होऊन सूड घेतो. २०१२ मध्ये लोकांनी तरीही गर्दी केली, कारण माशी हे कसं करणार ते बघायचं होतं. तेच राजामौली ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै २०१५ मध्ये एका प्रश्नावर सोडून देतात आणि देश एप्रिल २०१७ पर्यंत कटप्पाचं उत्तर शोधत बसतो. त्या काळात माझ्या सासूबाईंनीही एक उपपत्ती मांडली होती आणि ती जवळपास बरोबर निघाली. त्यांनी चित्रपट तरीही दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा फक्त आम्हाला ‘मी म्हटलं नव्हतं!’ ऐकवायला.

तर माझा अंदाज. गोष्ट आजची किंवा फार तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, उत्तरेकडच्या नदीकाठच्या एखाद्या काल्पनिक गावातली, केवटांच्या किंवा घाटावर पोट असलेल्या कुटुंबाभोवतीची. बरंचसं चित्रण नावेत आणि पायऱ्यांवर. हिवाळा, छोटं युनिट, जागेवरचा आवाज. आणि हा चित्रपट होईलच याची खात्री नाही, कारण चौघांची रेकी म्हणजे अजून नुसती चाचपणी. मी घडवून आणलेल्या अशा पहिल्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी पुढे कॅमेरा पोचलाच नाही.

रविवारी तुम्ही महेश्वरला जाताच आहात तर एक काम कर. ज्या केवटाशी त्यांचं बोलणं झालं त्याला गाठ आणि चहा पाज. इंजिन काढता येईल का, असं विचारलं होतं का, ते विचार. हो म्हणाला तर ते त्या हेडफोनवाल्यासाठी, त्यानं माझा अंदाज हलत नाही. पण रंग खरवडायला किंवा नंबर पुसायला सांगितलं असेल, तर मी हरलो, पहिला तट जिंकला, आणि सराफ्यात गराडू माझ्याकडून.